एका घराचा शिधा

अन्नदानाचे माहात्म्य या मासिकाच्या वाचकांना कोणी नव्याने सांगावे, अशी स्थिती नाही. देवस्थानातील समाराधना, उत्सवातील संतर्पण, दाराशी आलेल्यास विन्मुख न पाठविण्याचा कुळाचार हे सारे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. परंतु अंगवळणी पडलेल्या गोष्टींविषयी विचार करण्याचे आपण बहुधा टाळतो. पंगतीत शंभर माणसे जेवून जातात तेव्हा कोणाचीही ओळख आपल्याला पटवून घ्यावी लागत नाही, आणि म्हणून कोणताही प्रश्न उपस्थित होत नाही. दूरच्या एखाद्या खेड्यातील एकच कुटुंब अडचणीत आहे, त्याचे नाव आपल्याला कळले आहे, आणि त्या घरी महिन्याचा शिधा भरून द्यावा असे मनात आले आहे, अशा वेळी मात्र प्रश्नांची रांग लागते. हेच घर का? शेजारचे का नाही? शिध्यात काय असावे, आणि ते कोणी ठरवावे? दिलेल्याचा पुरावा कोणता? आणि हे किती दिवस चालावयाचे?

या प्रश्नांचा सर्वांत जुना मराठी खटला म्हणजे दामाजीपंतांचा. हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाला ही कथा थोडी अधिक जवळची वाटावी, कारण तिच्यातील फिर्यादी पक्ष बेदरचा. आणि बेदर हे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातलेच जिल्ह्याचे ठिकाण होते. महिपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजयात ही कथा विस्ताराने आली आहे. कीर्तनकार तिचा उत्तरार्ध रंगवून सांगतात: बहामनी सुलतानाचे कोठार, दुष्काळ, दामाजीने ते कोठार लुटविणे, बेदरहून आलेले बोलावणे, आणि विठू महाराचे रूप घेऊन प्रत्यक्ष पांडुरंगाने धान्याची किंमत खजिन्यात भरून पावती घेणे. माझे लक्ष मात्र नेहमी पूर्वार्धाकडे जाते. कथेची सुरुवात कोठारापासून होत नाही. ती एका घरापासून होते. पंढरपुरातला एक ब्राह्मण मंगळवेढ्यास दामाजीच्या घरी येतो, पान वाढले जाते, आणि घास उचलण्याऐवजी तो रडू लागतो. आपण येथे जेवतो आहोत आणि घरी मुले उपाशी आहेत, हा विचार त्याला घास घेऊ देत नाही. दामाजी त्या एका घरासाठी धान्य लादून देतो. मंगळवेढे ते पंढरपूर हे अंतर अवघे सुमारे पंचवीस किलोमीटर. परंतु धान्य पंढरपुरात पोहोचताच उपाशी लोक त्यावर तुटून पडतात आणि ते लुटले जाते. त्यानंतर कोठारे उघडण्याचा प्रसंग येतो.

कथाकाराने हा तपशील उगीच घातलेला नाही, असे मला वाटते. दामाजीचे पहिले दान फसले. ते का फसले? दात्याचे मन अशुद्ध होते म्हणून नव्हे. ज्याला दिले तो अपात्र होता म्हणूनही नव्हे. सारे गाव उपाशी असताना एकाच दाराशी बैल थांबले, म्हणून ते फसले. आणि तरीसुद्धा, त्या एका घराचे रडणे दामाजीने ऐकले नसते तर कोठारापर्यंत तो कधी पोहोचलाच नसता, हेही तितकेच खरे. सर्वांची भूक कोणालाच दिसत नाही. दिसते ती एकाची. ज्या गृहस्थांना एका कुटुंबाला मदत करणे हा भावनावशपणा वाटतो, आणि द्यावयाचे तर संस्थेला द्यावे, योजनेला द्यावे, असे जे म्हणतात, त्यांचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने बिनचूक असेल. पण कोठाराची किल्ली हातात घेण्याचे बळ हिशेबातून येत नाही.

आता कायद्याच्या बाजूकडे वळू. पेशाने वकील असल्यामुळे हा मोह मला आवरत नाही. दामाजीने वाटले ते धान्य त्याचे नव्हते. धर्मशास्त्रात दानाची व्याख्या मोठी काटेकोर आहे: आपल्या वस्तूवरील आपले स्वामित्व सोडावयाचे आणि दुसऱ्याचे स्वामित्व उत्पन्न करावयाचे. जे मुळात आपले नाही त्याचे दान संभवत नाही. इंग्रजी अमदानीत तयार झालेल्या दंडसंहितेप्रमाणे पाहिले तर लोकसेवकाने केलेला हा विश्वासघात ठरून कलम ४०९ लागू होण्यासारखा होता. ती संहिता २०२४ मध्ये गेली, पण तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हा अपराध कायम आहे. दामाजीच्या वतीने कोणी उभा राहिला असता तर त्याने कलम ८१ चा आधार घेतला असता. मोठे अरिष्ट टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतूवाचून, सद्भावाने केलेली लहान हानी हा अपराध नव्हे, असे ते कलम सांगते. आग पसरू नये म्हणून मधली घरे पाडणाऱ्या माणसाचे उदाहरण त्यातच दिलेले आहे. दुष्काळ ही आग होय आणि कोठार हे मधले घर होय, असा युक्तिवाद करता आला असता. तो न्यायाधीशाला पटलाही असता.

पण कथेला तो पटलेला दिसत नाही, हीच खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट. कथा असे म्हणत नाही की उपाशी लोकांचे प्राण वाचले, तेव्हा सुलतानाचे नुकसान गौण झाले. ती म्हणते, किंमत भरली गेली पाहिजे. देवाला स्वतः बेदरला जाऊन पैसे मोजावे लागले आणि पावती घ्यावी लागली. बहुतेक जण यात चमत्कार पाहतात. मला यात एक विलक्षण नैतिक काटेकोरपणा दिसतो. परक्याच्या जिवावर उदार होणे हे औदार्य नव्हे, ही जाणीव त्या कथेत इतकी पक्की आहे की ती पुरी करण्यासाठी कथाकाराने देवाला कामाला लावले. आपल्यापैकी जे विश्वस्त मंडळांवर काम करतात, ज्यांच्या हाती देवस्थानचा किंवा समाजाचा निधी असतो, त्यांनी दामाजीचे नाव घेऊन खात्याबाहेरचा खर्च करण्यापूर्वी ही पावती आठवावी.

आणि त्या पावतीवर नाव कोणाचे, हेही आठवावे. पैसे घेऊन गेलेला विठू हा महार होता. ज्याला स्वतः गावच्या कोठारापासून दूर उभे राहावे लागे त्याच्या रूपाने देव आला, असे मराठी संतपरंपरेने सांगितले. आणि त्याच देवाचे पंढरपुरातील मंदिर त्याच्या जातभाईंना १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण करीपर्यंत बंद होते. अन्नदानाची आपली परंपरा थोर आहे, यात शंका नाही. परंतु त्या परंपरेत पंक्तिभेदही होता, आणि कोण आत बसेल व कोणाच्या पदरात बाहेर टाकले जाईल, हे ठरविण्याचा अधिकार वाढणाऱ्याकडे होता. शिधा भरून देताना हा अधिकार आपल्या हातात पुन्हा चोरपावलाने येतो. म्हणून या प्रश्नाचा विचार केला पाहिजे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना देश, काल आणि पात्र यांचा विचार आला आहे. पात्राचा विचार म्हटला की आपण घेणाऱ्याची परीक्षा घेऊ लागतो: हा व्यसनी तर नाही? याचा मुलगा कमावता तर नाही? मात्र अन्नाच्या बाबतीत भूक हीच पात्रता, असा आपल्याकडील जुना संकेत आहे, आणि तो मला निर्णायक वाटतो. गोदान, भूदान यांसाठी परीक्षा असेल. पिठाच्या डब्यासाठी नको. तिसरे पद पात्र हे इतके ठळक झाले की पहिली दोन पदे, देश आणि काल, आपण विसरतो. शिध्याच्या बाबतीत खरी परीक्षा त्यांचीच आहे.

देश म्हणजे काय, हे आमच्या गोमंतकीय वाचकांना सांगण्याची गरज पडू नये. उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेल्या घरात बासमतीची पिशवी नेऊन द्या, आणि ते घर कृतज्ञतेने ती ठेवून घेईल. पण सकाळी आजारी म्हातारीला त्याची पेज पाजता येणार नाही. मराठवाड्यात १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेला लाल मिलो लोकांनी खाल्ला, कारण दुसरे काही नव्हते. पण ज्यांनी तो खाल्ला त्यांच्या तोंडी पन्नास वर्षांनंतरही त्याची चव निंदेचा विषय म्हणूनच राहिली आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मुलखातल्या माणसाला विचारा, मिलो म्हणजे काय. आफ्रिकेतही हेच. मलावी किंवा केनियाच्या खेड्यातल्या कुटुंबाचे मुख्य अन्न मक्याच्या पिठाचे. केनियात त्याला उगाली म्हणतात, मलावीत न्सिमा. तिकडे व्यापारानिमित्त राहणारी आपली माणसे एखाद्या ओळखीच्या कामगाराच्या गावी मदत पाठवितात तेव्हा प्रेमाने तांदूळ आणि तुरीची डाळ बांधतात. त्यात प्रेम आहे; पण त्या चुलीचा विचार नाही.

पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात असा सिद्धांत मांडला की, उपाशी माणूस माझ्यापासून दहा पावलांवर आहे की हजारो कोसांवर, याने माझ्या कर्तव्यात फरक पडत नाही. त्या निबंधाचे निमित्त पूर्व बंगालमधून आपल्या देशात आलेल्या निर्वासितांचे होते. त्याचा हा युक्तिवाद खोडून काढणे सोपे नाही, आणि तसा प्रयत्नही मी करीत नाही. अंतराने कर्तव्य कमी होत नाही, हे मान्य. परंतु अंतराने ज्ञान कमी होते. दहा पावलांवरच्या घरात मीठ संपले आहे की तेल, हे मला दिसते. हजार कोसांवरच्या घरातले दिसत नाही. तेव्हा जितके अंतर अधिक, तितका घेणाऱ्याच्या शब्दाला मान अधिक द्यावा लागेल, हा निष्कर्ष त्यातून निघतो. व्यवहारात मात्र आपण नेमके उलट करतो: दूरच्या माणसावर अविश्वास अधिक ठेवतो आणि त्याच्या वतीने निर्णयही अधिक घेतो.

या बाबतीत हैदराबादहून बेदरला जाणाऱ्या रस्त्यावरच एक मोलाचे उदाहरण आहे. जहीराबादजवळ पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून काम करते. तिच्या संघांतील बहुसंख्य स्त्रिया दलित, कोरडवाहू जमिनीच्या मालकिणी किंवा मजूर. आंध्र प्रदेशात १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ देण्यास सुरुवात केली. त्याने गरिबांची भूक भागली, हे निर्विवाद. पण ज्वारी, बाजरी, कोद्रा खाणाऱ्या या कोरड्या मुलखात तांदूळ बाहेरून आला, आणि घरची रास मागे पडून शेते पडीक राहू लागली. संघांतील स्त्रियांनी नव्वदीच्या दशकात धान्यकोष उभारला. पडीक जमीन लागवडीखाली आणण्यासाठी शेतकऱ्याला उचल द्यावयाची, त्याने ती ज्वारीच्या रूपाने फेडावयाची, ती ज्वारी गावातच साठवावयाची, आणि गावातल्या गरीब घरांना स्वस्तात द्यावयाची, अशी ही रचना. कोणते घर अधिक गरीब हे सरकारी कारकुनाने किंवा शहरातल्या दात्याने ठरविले नाही. गावानेच एकत्र बसून, प्रत्येक घराचा विचार करून ठरविले. दामाजीचे पहिले दान ज्या खडकावर फुटले तो खडक येथे ओलांडलेला दिसतो: घर एकेकटे पाहिले, पण निवड गावासमोर केली. या संस्थेच्या स्त्रियांना २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते हे की, त्यांच्या कोठाराची किल्ली बाहेरच्या कोणा दामाजीजवळ नव्हती.

येथे एक आक्षेप हमखास येतो. आता अन्न हा हक्क झाला आहे, मग शिध्याचे प्रयोजन काय? आक्षेप पोकळ नाही. सर्वोच्च न्यायालयात २००१ मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर त्या वर्षीच्या २८ नोव्हेंबरला जो आदेश झाला त्याने सरकारी धान्ययोजनांना कृपेच्या कोटीतून काढून हक्काच्या कोटीत आणले. २०१३ च्या कायद्याने दर माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा अधिकार लेखी दिला. आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य विनामूल्य मिळू लागले. वकील म्हणून मला या प्रवासाचा अभिमान वाटतो. हक्काने मिळणारी भाकरी दयेने मिळणाऱ्या पक्वान्नाहून श्रेष्ठ, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. तथापि हक्क शिधापत्रिकेवर उतरतो, आणि भूक नेहमी शिधापत्रिकेवर उतरलेली असतेच असे नाही. २०२० च्या टाळेबंदीत हैदराबादच्या बांधकामांवर अडकलेल्या बिहार-झारखंडच्या मजुरांच्या पत्रिका गावी होत्या आणि पोट येथे होते. तेलंगण सरकारने त्यांना माणशी १२ किलो तांदूळ आणि ५०० रुपये देण्याचे ठरविले, ही योग्यच गोष्ट झाली. १ मे रोजी लिंगमपल्लीहून हटियाला देशातली पहिली श्रमिक गाडी सुटली, तीही याच शहरातून. पण तांदूळ मिळाला तरी त्याच्याबरोबर तेल, डाळ, तिखट, मीठ, साबण, लेकराचे दूध हे सारे लागते. सरकारचे धान्य म्हणजे अर्धे जेवण. उरलेले अर्धे शेजाऱ्याच्या कर्तव्यात येते. हक्क आणि दान हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. मात्र दानाने हक्काची जागा घेऊ नये, आणि ज्या घरी आपण शिधा देतो त्या घरची पत्रिका का निघाली नाही याची चौकशी तहसीलात जाऊन करणे हे शिध्याइतकेच पुण्याचे काम आहे. किंबहुना त्यात पुण्य अधिक आहे, कारण त्यात हेलपाटे अधिक आहेत.

त्याच वर्षी माझ्या परिचयाच्या काही मंडळींनी वर्गणी काढून नांदेड जिल्ह्यातील एका गावी काही कुटुंबांना शिधा भरून दिला. यादी करण्याची वेळ आली तेव्हा एका बाईने सांगितलेल्या जिनसांत चहापत्ती आणि साखर होती, आणि त्यावरून बैठकीत बराच खल झाला. चहा ही चैन आहे, तेवढ्या पैशांत आणखी दोन किलो पीठ येईल, असे एका सद्गृहस्थांचे मत पडले. हे मत त्यांनी चहा घेता घेता मांडले, हा केवळ योगायोग. प्रश्न दोन किलो पिठाचा नव्हता. आल्यागेल्याला अर्धा कप चहा देता येणे, ही गरिबाच्या घरची शेवटची प्रतिष्ठा असते. ती गेली की ते घर गावातून उठल्यासारखे होते. घेणाऱ्याच्या घरीही कोणी पाहुणा येतो, हे देणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. केनियातील खेड्यांत गरीब कुटुंबांना वस्तूंऐवजी सरळ रोख रक्कम देऊन जो अभ्यास झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दारू-तंबाखूवरील खर्च वाढल्याचे आढळले नाही. आपल्याकडील आयाबायांना या अभ्यासाची आवश्यकता नव्हती. पण आपल्याकडील वर्गणीदारांना आहे. अखेर त्या यादीत चहा-साखर राहिली. रोख मात्र देण्यात आली नाही, आणि त्यालाही कारण होते: गावात सावकाराची उधारी होती, आणि रोख हाती पडताच ती तिकडे वळली असती. म्हणजे रोख की जिन्नस, याचेही एकच उत्तर नाही; ज्या घरी द्यावयाचे त्या घरालाच ते विचारले पाहिजे.

छायाचित्राचा वाद याहून अवघड. वर्गणीदारांना हिशेब मिळालाच पाहिजे. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे हा कोतेपणा नव्हे. हैदराबादच्या पत्रकार मंजू लता कलानिधी यांनी २०१४ च्या ऑगस्टमध्ये बादलीभर तांदूळ गरजूला देण्याची जी कल्पना काढली ती छायाचित्रांमुळेच गावोगाव पसरली, आणि पुष्कळ घरांत तांदूळ गेला, हेही मान्य केले पाहिजे. तरीही पोते घेऊन उभ्या असलेल्या बाईचा चेहरा हा हिशेब नव्हे. दुकानदाराची पावती हा हिशेब आहे. दामाजीच्या कथेत पावती कोणाची होती? खजिन्याची. उपाशी माणसांपैकी कोणाचाही अंगठा तिच्यावर नव्हता. तैत्तिरीय उपनिषदात दान कसे करावे हे सांगताना श्रद्धेबरोबर लज्जेचाही उल्लेख आहे, आणि ती लज्जा देणाऱ्याची आहे. आपण ती घेणाऱ्याकडे सरकविली.

उरला मुदतीचा प्रश्न. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे घेणाऱ्याने स्वीकार केल्याशिवाय बक्षीस पुरे होत नाही. एकदा पुरे झाले की देणाऱ्याला ते मनास येईल तेव्हा परत घेता येत नाही. पण पुढे देईन, हे नुसते वचन मोबदल्यावाचून दिलेले असल्यामुळे सामान्यतः कायद्याने बांधणारे नसते. दर महिन्याच्या पाच तारखेला ज्या घरी शिधा जातो ते घर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून त्या तारखेवर आपले बेत बांधू लागते: मुलाला शाळेतून काढावयाचे की नाही, शेळी विकावयाची की ठेवावयाची. सहाव्या महिन्यात वर्गणी आटली म्हणून शिधा थांबला, तर त्या घराला दाद मागावयास न्यायालय नाही. म्हणून मुदत आरंभीच सांगावी, आणि ती लहान असली तरी चालेल. तीन महिने म्हटले तर तीन महिन्यांचे पैसे पहिल्या दिवशीच गावच्या दुकानदाराकडे ठेवावे. त्या मंडळींनी तसे केले. शहरातून पोती नेली नाहीत, गावच्याच दुकानात खाते उघडले. त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाचला, दुकानदाराचीही त्या वाईट दिवसांत थोडी विक्री झाली, आणि बायांना लागेल तेव्हा लागेल ती जिन्नस, चारचौघींसारखी, पिशवी घेऊन जाऊन आणता आली.